चवीपुरते मीठ किती?
आहारातील मिठाच्या मोजमापाचा अभ्यास

पाककृतींच्या कोणत्याही पुस्तकात तेल, तिखट, हळद, धणे यांचे माप दिलेले असते. मिठापुढे मात्र 'चवीपुरते' एवढाच शब्द असतो. मिठाचे माप पुस्तकात नसते, ते स्वयंपाक करणारीच्या बोटांत असते. लेक ते आईकडून शिकते, सून सासूकडून. या अंदाजावर पिढ्यान् पिढ्या स्वयंपाक चालत आला आहे आणि तो सहसा बिघडत नाही. तथापि त्याच घरात दिवसाकाठी माणशी किती मीठ पोटात जाते, असे विचारले तर उत्तर कोणालाही देता येत नाही. घरात येणाऱ्या तांदळाचा, तेलाचा व साखरेचा हिशेब गृहिणीजवळ चोख असतो. मीठ स्वस्त असल्यामुळे ते हिशेबातून सुटते.

हा हिशेब आता आवश्यक ठरला आहे. गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात घडलेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण कुटुंबीयांकडून माहिती घेऊन शोधले. मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघाताचा, म्हणजे ज्याला गावात लकवा म्हणतात त्याचा, क्रमांक पहिला लागला. सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू पक्षाघाताने झालेला होता. पक्षाघात हा शहरातील, सुखवस्तू, बसून काम करणाऱ्यांचा रोग, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. शेतात राबणारी, जंगलात तेंदूपाने तोडणारी माणसेही त्याला बळी पडत आहेत. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब होय, आणि रक्तदाब वाढविणाऱ्या ज्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत त्यांत मीठ प्रमुख आहे. तंबाखू, मद्य, वाढते वजन हीदेखील कारणे आहेतच. पण तंबाखू न खाणारी माणसे प्रत्येक गावात सापडतात, मीठ न खाणारा माणूस सापडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सपाट भरलेल्या चहाच्या एका चमच्यात साधारण एवढेच बारीक मीठ मावते. २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग सर्वेक्षणात भारतीय प्रौढाचे सरासरी दैनिक सेवन ८ ग्रॅम आढळले, पुरुषांचे ८.९ आणि स्त्रियांचे ७.१ ग्रॅम. हे आकडे कसे काढले जातात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

विकलेले मीठ आणि खाल्लेले मीठ

मोजमापाची सर्वांत जुनी रीत व्यापाराच्या नोंदींची. मिठावर कर बसविणाऱ्या राज्यकर्त्यांना प्रजा किती मीठ खाते याची मोठी चौकशी असे. ब्रिटिश अमलात सिंधूच्या काठापासून ओरिसातील महानदीपर्यंत जकातीची एक प्रचंड सीमारेषा आखलेली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झुडपांचे कुंपण वाढविले होते, आणि मीठ चोरून पलीकडे जाऊ नये म्हणून त्यावर हजारो शिपायांचा पहारा असे. ही रेषा १८७९ मध्ये मोडीत निघाली. मिठावरील कर मात्र १९४७ पर्यंत राहिला. गोंदियासारख्या समुद्रापासून दूरच्या मुलखात मीठ पिकत नाही. ते बाहेरूनच येते, म्हणून किती आले हे मोजणे तसे अवघड नाही.

परंतु आलेले सर्व मीठ माणसे खात नाहीत. गोठ्यातील बैलांना व दुभत्या जनावरांना मीठ दिले जाते. या जिल्ह्यात माजी मालगुजारी तलावांची संख्या मोठी आहे. तलावांतील मासळी खारवून टिकविण्यास मीठ लागते. कातडी कमावण्यास लागते, औषधी शेक-गुळण्यांना लागते. म्हणून विक्रीच्या आकड्याला लोकसंख्येने भागून येणारे उत्तर नेहमी प्रत्यक्षापेक्षा मोठे असते. घरोघरी जाऊन महिन्याला किती मीठ विकत घेतले हे विचारणाऱ्या खर्चाच्या पाहणीतही हाच दोष राहतो.

मग लोकांनाच विचारले तर? काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले हे आठवून सांगा, अशी विचारणा आहारतज्ज्ञ करतात. भात किती वाढला, भाजी किती घेतली हे माणूस सांगू शकतो. मिठाचे तसे नाही. स्वयंपाक करणारीने भाजीत चिमूट टाकली, चव पाहिली, पुन्हा थोडे टाकले. जेवणाऱ्याने वरून घेतले. लोणच्याची फोड दोनदा घेतली. यातील एकही गोष्ट लक्षात राहण्याजोगी नाही. शिवाय मीठ जास्त खाणे वाईट, असे डॉक्टरांनी एकदा सांगितले की पुढील प्रत्येक पाहणीत उत्तर आपोआप कमी येऊ लागते. प्रश्नोत्तरांतून काढलेले मिठाचे आकडे बहुधा कमीच भरतात, त्याचे कारण हे.

चोवीस तासांची साक्ष

यावर विज्ञानाने काढलेला मार्ग फार साधा आहे. पोटात गेलेल्या मिठातील सोडियम शरीर साठवून ठेवीत नाही. मूत्रपिंडे ते वेचून बाहेर टाकतात, आणि नेहमीच्या परिस्थितीत खाल्लेल्या सोडियमचा सुमारे नव्वद टक्के भाग दिवसभराच्या लघवीतून निघून जातो. म्हणजे एका माणसाची पूर्ण चोवीस तासांची लघवी गोळा केली आणि तीतील सोडियम मोजले, तर त्याने किती मीठ खाल्ले याची साक्ष त्याच्या स्मरणशक्तीवाचून मिळते.

पद्धत अशी. सकाळी उठल्यानंतरची पहिली लघवी नेहमीप्रमाणे करावयाची व वेळ लिहून ठेवावयाची. त्यानंतरची दिवसाची व रात्रीची प्रत्येक लघवी दिलेल्या मोठ्या बाटलीत साठवावयाची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी त्या बाटलीत घेतली की नमुना पुरा होतो. प्रयोगशाळेत एकूण आकारमान मोजतात आणि सोडियमचे प्रमाण काढतात. समजा, दीड लिटर लघवी भरली आणि लिटरमागे ९० मिलिमोल सोडियम निघाले, तर एकूण सोडियम १३५ मिलिमोल होते. एका मिलिमोल सोडियममागे ५८ मिलिग्रॅमांहून थोडे अधिक मीठ या हिशेबाने ते ७.९ ग्रॅम मीठ झाले. घाम व शौचावाटे गेलेला एक दशांश भाग धरला तर त्या माणसाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास मीठ खाल्ले, असा निष्कर्ष निघतो.

या रीतीने झालेले सर्वांत गाजलेले काम म्हणजे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'इंटरसॉल्ट' हा अभ्यास. ३२ देशांतील ५२ केंद्रांवर २० ते ५९ वयाच्या दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची चोवीस तासांची लघवी एकाच पद्धतीने तपासण्यात आली. भारतातील दिल्ली व लडाख ही केंद्रे त्यांत होती. ब्राझीलच्या जंगलातील यानोमामो लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हतेच आणि त्यांचा रक्तदाब वयानुसार वाढत नव्हता. उलट टोकाला उत्तर चीनमधील एका केंद्रात दिवसाचे सेवन १४ ग्रॅमच्या घरात होते. अलीकडच्या काळात याच पद्धतीने दिल्ली-हरियाणात माणशी सुमारे साडेआठ आणि आंध्र प्रदेशात सुमारे साडेनऊ ग्रॅम मीठ आढळले.

पद्धत साधी असली तरी ती पार पाडणे सोपे नाही. दिवसभर बाटली जवळ बाळगावयाची, हे शेतमजूर स्त्रीला कसे जमावे? रोवणीच्या दिवसांत ती सकाळी बांधीत उतरते ती सायंकाळीच घरी परतते. एखादी लघवी बाहेर झाली तरी हिशेब कमी येतो. म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिन या द्रव्याचे प्रमाण पाहून नमुना पुरा आहे की अपुरा, याची छाननी करतात. संकोच हा आणखी मोठा अडथळा. गावातील आशा कार्यकर्तीने अगोदर घरातील स्त्रियांशी नीट बोलून ठेवल्याशिवाय असे काम तडीस जात नाही.

दुसरी अडचण घामाची. वैशाखात तेंदूपत्ता तोडणारा किंवा आषाढाच्या दमट उकाड्यात चिखलात राबणारा माणूस घामावाटे बरेच सोडियम गमावतो. त्या दिवसांतील लघवीचे माप खाल्लेल्या मिठापेक्षा बरेच कमी येते आणि ते पाहून सर्व ठीक आहे असा चुकीचा समज होऊ शकतो.

पूर्ण दिवसाऐवजी सकाळच्या एकाच नमुन्यावरून अंदाज बांधण्याची सूत्रेही आहेत. जपानी संशोधक तानाका यांचे २००२ मधील सूत्र त्यांपैकी एक. मोठ्या समूहाची सरासरी काढण्यास ती उपयोगी पडतात. मात्र कमी मीठ खाणाऱ्याचे माप ती जास्त दाखवितात आणि जास्त खाणाऱ्याचे कमी. एकट्या माणसाला 'तू इतके ग्रॅम खातोस' असे एका नमुन्यावरून सांगणे योग्य नाही.

मीठ येते कोठून?

किती हे कळले तरी कोठून हा प्रश्न उरतो. इंग्लंडमधील संशोधकांनी १९८७ मध्ये त्यासाठी एक नामी युक्ती प्रसिद्ध केली. कुटुंबांना स्वयंपाकासाठी व जेवताना वापरण्यासाठी जे मीठ दिले त्यात लिथियम या धातूचा अगदी अल्प अंश मिसळला होता. आहारात एरवी लिथियम जवळजवळ नसते; त्यामुळे लघवीत जेवढे लिथियम सापडले तेवढे मीठ घरच्या डब्यातले, बाकीचे बाहेरचे. उत्तर अनपेक्षित होते. घरच्या डब्यातून आलेले मीठ जेमतेम १५ टक्के भरले. बाकी बहुतेक पाव, चीज, डबाबंद मांस अशा कारखान्यांतून आलेल्या पदार्थांचे होते. तेथील गृहिणीने डबा कुलपात ठेवला असता तरी फारसा फरक पडला नसता.

आपल्याकडील स्थिती याच्या उलट आहे. चीनमधील अशाच पाहणीत तीन चतुर्थांश सोडियम घरातील स्वयंपाकातून येत असल्याचे दिसले होते, आणि गोंदियाच्या खेड्यातील स्वयंपाकघर इंग्लंडपेक्षा चीनला जवळचे आहे. येथील मुख्य अन्न भात. तांदळात स्वतःचे सोडियम नगण्य असते. परंतु भात अळणी असल्यामुळेच त्याच्या जोडीला खारट काहीतरी लागते. आमटी, पातळ भाजी, ठेचा, कैरीचे लोणचे, पापड, वाळवलेले झिंगे, हे पदार्थ भाताचा मोठा घास गळ्याखाली उतरविण्यासाठीच आहेत. पापडात मिठाखेरीज पापडखार पडतो, त्यातही सोडियम असते. आता बाजारच्या दिवशी आणलेली शेव, चिवडा आणि पुड्यांतील खाऊ यांची त्यात भर पडली आहे. तरी मोठा वाटा अजून घरच्या चिमटीचाच आहे. म्हणजे येथे मापाची किल्ली कारखानदाराच्या हातात नसून चुलीपाशी आहे. ही गोष्ट अडचणीची तशी सोयीचीही म्हणावी लागेल.

पुड्यावर लिहिलेली तारीख

घरच्या घरी करता येणारे एक मोजमाप आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहावयाची. संपला की दिवस मोजावयाचे. पाच माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर दिवसाला २५ ग्रॅम लागतील आणि पुडा ४० दिवस पुरेल. तो २० दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम जात आहेत. सहा माणसांच्या घरात ५ ग्रॅमच्या हिशेबाने पुडा सुमारे ३३ दिवस टिकला पाहिजे.

यात काही वजाबाकी करावी लागते. समजा, सहा माणसांच्या घरी पुडा २१ दिवसांत संपला. वरवर पाहता माणशी जवळजवळ ८ ग्रॅम झाले. पण त्यातील पाव किलोला थोडे कमी, म्हणजे २०० ग्रॅम, बैलांना व मासळीला गेले असेल, तर राहिलेल्या ८०० ग्रॅमचा हिशेब माणशी ६.३ ग्रॅमच्या आसपास येतो. जनावरांसाठी वेगळे मीठ ठेवल्यास हा घोळ होत नाही. वर्षाचे लोणचे घालण्याच्या महिन्यात मोजमाप करू नये. लोणच्यातील मीठ वर्षभर खाल्ले जाते, पण पुड्यातून एकाच दिवशी निघते. भाताला मीठ घालून मांड काढून टाकला तर काही मीठ मांडाबरोबर जाते. तो मांड घरातच प्यायला गेला तर जात नाही. मुले दुपारी शाळेत जेवत असतील, घरधनी मजुरीच्या ठिकाणी जेवत असेल, तर त्यांचा एक वेळचा वाटा कमी धरावा. पाहुणे येऊन गेले असतील तर त्यांची ताटे मोजावीत.

इतके करूनही पुड्याचे उत्तर थोडे जास्तच येणार, कारण भांड्याला लागलेले व ताटात उरलेले मीठ त्यात धरलेले असते. लघवीचे उत्तर, उलट, घामामुळे थोडे कमी येते. बाजारच्या खाऊतील मीठ सोडले तर खरे माप या दोहोंच्या मध्ये असते. एका घराला स्वतःची चाल कळण्यास पुड्याची तारीख पुष्कळ झाली. पहिला पुडा २१ दिवस पुरला, तिसरा २६ दिवस पुरला, एवढे दिसले तरी दिशा समजते. बचत गटाच्या बैठकीत दहा घरांच्या पुड्यांची तुलना झाल्यास, एकाच गावात एकाच प्रकारचे जेवण जेवणाऱ्या घरांतही केवढा फरक आहे, हे स्त्रियांच्याच ध्यानी येईल.

चिमटीचे माप मात्र विश्वासाचे नाही. दोन हातांच्या चिमटी सारख्या नसतात, आणि खडे मीठ व बारीक मीठ चमच्यात सारखे मावत नाही. अतिसाराच्या साथींत घरगुती जलसंजीवनी शिकविताना हा अनुभव आरोग्य कार्यकर्त्यांना आलेला आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण मुद्दाम चमच्याने सांगितले जाते, कारण मीठ जास्त झाल्यास ते पाणी तान्ह्या मुलाला धोकादायक ठरते. बाळासाठी जो चमचा हातात घेतला जातो, तो भाजीच्या पातेल्यासाठीही घेता येईल.

कमी करताना

जीभ सवयीची असते. मीठ एकदम निम्म्यावर आणले तर जेवण अळणी लागते आणि घरात कुरकूर होते. थोडे थोडे कमी केल्यास दोन-तीन महिन्यांत जिभेला कमी मिठाची सवय लागते, असे प्रयोगांतून दिसले आहे. चिंच, लिंबू, सांबार, लसूण यांनी चव राखता येते.

भात खाणाऱ्या जपानचे उदाहरण येथे लागू पडते. अमेरिकन शास्त्रज्ञ डाल यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत उत्तर जपानमधील लोकांचे सेवन दिवसाला २६ ग्रॅमच्या आसपास होते आणि त्या भागात पक्षाघाताने होणारे मृत्यूही फार होते. पुढील दशकांत गावोगावी रक्तदाब तपासणी, औषधोपचार आणि खारट लोणची व रस्से कमी करण्याचा प्रचार यांची जोड घालण्यात आली. मिठाचे सेवन उतरले आणि पक्षाघाताचे मृत्यूही मोठ्या प्रमाणात घटले. यात औषधांचा वाटा किती आणि मिठाचा किती हे वेगळे काढणे कठीण आहे. पण दोन्ही कामे एकाच परिचारिकेने एकाच घरात करावी, हा त्यातील व्यवहारी भाग होय. आपल्याकडे तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब तपासणी उपकेंद्रांतून होते. रक्तदाबाच्या आकड्याशेजारी पुडा किती दिवस पुरला हे विचारून लिहिण्यास फार वेळ लागणार नाही.

चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार माणसांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वेगळा मार्ग चोखाळला गेला. निम्म्या खेड्यांना नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधे मीठ व पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ देण्यात आले. सहभागी माणसे पूर्वी पक्षाघात झालेली किंवा साठीपुढची व रक्तदाब असलेली होती. पाच वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाला. असे मीठ आपल्या बाजारातही मिळते. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचून हृदयाला अपाय होऊ शकतो.

आयोडीनचा हिशेब

मीठ कमी करा म्हणताना आयोडीन विसरून चालत नाही. गलगंड व मुलांची मतिमंदता टाळण्यासाठी मिठातून आयोडीन देण्याचे धोरण देशाने स्वीकारले आहे. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या एक किलो मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण आहे. माणूस १० ग्रॅम मीठ खाईल असे धरल्यास त्याला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते आणि प्रौढाची रोजची गरज तेवढीच आहे. तोच माणूस ५ ग्रॅमवर आला तर त्याच मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच मिळतील. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये मीठ किती खाल्ले जाते यानुसार आयोडीनचे प्रमाण ठरविण्याचा तक्ता दिला: १० ग्रॅम खाणाऱ्या समाजासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम, ५ ग्रॅम खाणाऱ्यासाठी ३९. दोन्ही कार्यक्रम एकमेकांच्या आड येत नाहीत. मात्र लोक प्रत्यक्षात किती मीठ खातात हे माहीत असल्याखेरीज आयोडीनचे प्रमाण ठरविता येत नाही. आयोडीनही लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे चोवीस तासांच्या एकाच बाटलीत दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

घरी आयोडीन टिकविण्यासाठी मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीच्या धगीपासून व ओलीपासून दूर ठेवावे. खडे मीठ धुऊन वापरण्याची जुनी रीत सोडावी, कारण धुण्याबरोबर आयोडीन जाते. आशा कार्यकर्तीजवळील तपासणी संचातील द्रवाचा थेंब मिठावर टाकला असता मीठ निळे-जांभळे झाले तर त्यात आयोडीन आहे. रंग न आल्यास तो पुडा दुकानदाराला दाखवावा.

मोजमापाला योग्य काळ धानाची मळणी आटोपल्यानंतरचा, पौष-माघाचा. तेव्हा घाम कमी असतो, माणसे घरी असतात आणि लोणच्यांचा हंगाम अजून दूर असतो. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीतील गाव आणि तिरोडा-गोंदियाकडील भातगिरण्यांचे गाव अशी दोन वेगळ्या धाटणीची गावे निवडून, प्रत्येक गावातील काही घरांत पुड्यावर तारीख आणि त्याच घरांतील प्रौढांची चोवीस तासांची बाटली, ही दोन्ही मापे शेजारी शेजारी घेणे जिल्हा रुग्णालय आणि २०१६ मध्ये सुरू झालेले गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या आवाक्यातील काम आहे.